पांढऱ्या कोंबड्यानंतर कळपातील रंग परत कसे आणावेत?

प्रश्न (सत्तरीकर)

नमस्कार. गोव्यात वाळपईजवळच्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आम्ही पूर्वापार गावठी कोंबड्या पाळत आलो आहोत. कळप लहान, आठ-दहा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढाच. पूर्वी एका खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालून तांबडी, काळी, काबरी, करडी अशी निरनिराळी पिल्ले निघत. अंडी वाढावीत म्हणून गेल्या वर्षी शेतीफार्मवरचा पांढरा कोंबडा कळपात सोडला, आणि तेव्हापासून जवळजवळ सर्वच पिल्ले पांढरी निघत आहेत. फक्त पाठीवर आणि पंखांवर मधूनच एखादे काळे पीस दिसते. जुन्या कोंबड्यांपैकी दोन काळ्या, काही तांबूस आणि एक पाटीसारख्या राखी रंगाची अजून आहे. पट्टेदार कोंबडीही एक आणावी, असा विचार आहे. रंग परत यावेत यासाठी काय करावे? आणि या पांढऱ्या तलंगा (तरुण कोंबड्या) विकून टाकाव्यात का?

उत्तर (पेडण्याचा कोंबडीपालक)

तलंगा विकू नयेत, हे प्रथम सांगतो. आपल्या कोंबड्याचा पांढरा रंग बहुधा प्रभावी प्रकारचा आहे. तो रंग निर्माण करत नाही, तर खालचा रंग, विशेषतः काळा, दाबून टाकतो. म्हणूनच आपल्याला अधूनमधून काळी पिसे दिसतात. आपल्या पांढऱ्या तलंगांकडे या गुणाच्या दोन प्रतींपैकी पांढरेपणाची एकच, बापाकडून आलेली प्रत आहे आणि दुसरी आईकडून आलेली, रंगाला मोकळीक देणारी आहे. अशा तलंगेला रंगीत कोंबड्याकडे दिल्यास सरासरी निम्मी पिल्ले रंगीत निघतील. काळा, तांबडा, राखी यांपैकी काहीही नष्ट झालेले नाही. ते फक्त झाकले गेले आहे. कोंबडा पांढरा लेगहॉर्न (अंड्यांसाठी पाळली जाणारी एक जात) असल्यास तर त्या पांढऱ्याखाली बहुधा पट्टेदारपणाही दडलेला असतो.

म्हणून कोंबडा बदलणे हेच मुख्य काम. केशरी मान, काळी छाती आणि हिरवट झाक असलेली काळी शेपटी असा गावठी कोंबडा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावातच शोधावा. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळावी: कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे वीर्य दोन ते तीन आठवडे टिकते, त्यामुळे पांढरा कोंबडा दूर केल्यानंतर तीन आठवड्यांच्या आतील अंडी उबवायला ठेवू नयेत, ती खाण्यासाठी वापरावीत. नाहीतर बाप नेमका कोणता, हे कळत नाही आणि सगळा हिशेब बिघडतो.

आणखी एक, ज्याकडे बरेच जण घाईने पाहतात. काळ्या कोंबडीला तांबडा कोंबडा दिला की पहिल्या पिढीत बहुतेक पिल्ले काळीच निघतात, फार तर मानेवर सोनेरी छटा असते. त्यामुळे प्रयोग फसला असे वाटते, पण विविधता दुसऱ्या पिढीत उघडते. त्या काळ्या तलंगांना दुसऱ्या एखाद्या तांबड्या कोंबड्याकडे दिले, तर जवळपास निम्मी पिल्ले तांबड्या वर्गात येतात. पिल्लांच्या लोकरीवरूनही निर्णय करू नये. पिसे बदलून पक्का रंग दिसायला चार-पाच महिने लागतात.

उत्तर (फोंड्याची वाचक)

राखी कोंबडीला मी या कळपातील सर्वांत मौल्यवान पक्षी मानते. तिच्या पिसांच्या कडा गडद, पाटीसारख्या असतील, तर तो बहुधा काळ्या रंगाला पातळ करणारा एक गुण आहे, ज्याची एक प्रत राखी रंग देते आणि दोन प्रती मळकट पांढऱ्यावर निळसर शिंतोडे देतात. तिला काळ्या कोंबड्याकडे दिल्यास निम्मी पिल्ले राखी, निम्मी काळी निघतात. राखी कोंबडा आणि राखी कोंबडी एकत्र केल्यास चौथा हिस्सा काळा, निम्मा राखी आणि चौथा हिस्सा शिंतोड्यांचा असतो. शिंतोड्यांचा नर काळ्या कोंबडीला दिला तर सर्वच पिल्ले राखी! उलट काळ्या कोंबड्यापासून आपल्या राखी कोंबडीची सर्वच पिल्ले काळी निघाली, तर तो दुसरा, दबलेला राखी प्रकार समजावा. तो पुन्हा दिसण्यासाठी दोन्ही पालकांकडून यावा लागतो.

पट्टेदार कोंबडी आणणार असाल, तर तिच्यासाठी काळा, पट्टे नसलेला कोंबडा निवडावा. पट्ट्यांचा गुण लिंगसूत्रावर (नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर) असतो, आणि कोंबडी तो आपल्या मुलग्यांनाच देते. त्यामुळे अंड्यातून बाहेर पडताच काळ्या पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल ते नर, नसेल ती मादी. मी पिल्लू उजेडात हातात धरून टाळूवरची लोकर बोटाने मागे सारते. मग ठिपका नीट दिसतो.

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक, डिचोली)

वरील सल्ले योग्य आहेत. रंगासाठी भाऊ-बहीण किंवा बाप-मुलगी अशी जोडी वारंवार लावू नका. लहान कळपात उबवण घटणे आणि पिल्ले अशक्त होणे हे त्यातूनच सुरू होते. दर दीड-दोन वर्षांनी बाहेरून कोंबडा आणावा आणि त्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मगच कळपात सोडावे. रानीखेत या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्या आठवड्यात द्यावी आणि पुढील मात्रा स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी.

राखी रंगासाठी रानातील राखी रानकोंबडा पकडण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ नये. तो वेगळी प्रजाती आहे, कायद्याने संरक्षित आहे, आणि त्याचा राखी रंग आपल्या कोंबडीच्या राखी रंगाशी संबंधित नाही.

मला रंगापेक्षाही काळजी वाटते ती खुडूक होण्याच्या गुणाची. लेगहॉर्न रक्तात हा गुण जवळजवळ उरलेला नाही, आणि आपला कोंबडा त्या जातीचा असेल, तर पांढऱ्या तलंगांपैकी काही जणी अंड्यांवर बसणारच नाहीत. रंग निवडताना जी कोंबडी एकवीस दिवस घट्ट बसते आणि पिल्ले नीट वागवते, तिच्या पिल्लांना प्राधान्य द्यावे, रंग साधा असला तरी. पायात वेगवेगळ्या रंगांची कडी घालावीत आणि अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीची खूण करावी. उबवण दिवाळीनंतर लावल्यास पिल्ले कोरड्या हवेत वाढतात आणि पावसाळ्यातील ओल्या जमिनीवर होणारा रक्ती हगवणीचा त्रास बराच टळतो.