मदत हवी आहे: डिसेंबरअखेर ग्रँड कॅन्यनमध्ये दिवसभराचा ट्रेक, तयारी काय करू?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ॲरिझोनात आहोत. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमसाठी (दरीचा दक्षिण काठ) एक अख्खा दिवस मोकळा ठेवलाय. नुसते कठड्याला टेकून फोटो काढायचे नाहीत, थोडं आत उतरायचंय. आम्ही चौघं: मी, नवरा, 12 वर्षांची लेक आणि सासरे. सासरे 66 वर्षांचे, रोज सकाळी तासभर चालतात. पण उतारावर त्यांचा डावा गुडघा कुरकुरतो आणि हे ते स्वतःहून कधीच सांगणार नाहीत.

सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलोय, बर्फावर मात्र पाऊलही टाकलेलं नाही. साउथ रिम 7,000 फुटांवर आहे, त्या दिवसांत तिथे दुपारी 5-6 अंश आणि रात्री उणे 7-8 असतं असं वाचलं. ब्राइट एंजलच्या वाटेने उतरावं की साउथ कायबॅबच्या? कुठपर्यंत जावं? बुटांवर चढवायच्या त्या काटेरी साखळ्या खरंच लागतात की विकणाऱ्यांची हौस? आणि पाणी किती न्यायचं? नवरा म्हणतो, थंडीत कोण पाणी पितं, एकेक बाटली पुरे. शिवाय त्याला थेट तळाच्या कोलोरॅडो नदीला हात लावून यायचंय. जाणकारांनी जरा खडसावून सांगा, माझं ऐकत नाही.

निवडुंग:
नदीचं आधी डोक्यातून काढा. साउथ कायबॅबने नदी सुमारे 7 मैल आणि पावणेपाच हजार फूट खाली आहे. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं पार्कवालेच जागोजागी बजावतात.

गडावर आपण ताज्या दमात चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे सगळा उलटा कारभार. सकाळी उतार इतका सोपा वाटतो की आणखी थोडं, आणखी थोडं करत माणूस खोल जातो, आणि खरी परीक्षा दुपारनंतर सुरू होते. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. त्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, पण कड्याची सावली वाटेवर त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून 'अमुक ठिकाणापर्यंत' असं ठरवू नका, 'अमुक वाजेपर्यंत' असं ठरवा. नऊला निघालात तर साडेअकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, समोर कितीही भारी दृश्य असलं तरी.

उनाडवारा:
साखळ्यांबद्दल: लागतात. मायक्रोस्पाइक्स म्हणून मागा.

साउथ रिमच्या वाटा उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर आहेत. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 30 अंश वर असतो, म्हणजे कड्याच्या मागेच. वरच्या टप्प्यातला बर्फ जरासा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, त्यावरून माणसं आणि खेचरं जातात आणि त्याची काच होते. ब्राइट एंजलचा वरचा भाग तर कड्याच्या कुशीत असल्याने फारच सावलीत. साउथ कायबॅबची सुरुवातीची नागमोडी वळणंही तशीच, पण ती संपली की वाट सोंडेवर येते आणि ऊन मिळतं. तुमच्यासाठी माझं मत कायबॅबला. सीडर रिज दीड मैलावर, साधारण 1,100 फूट खाली. जाऊन-येऊन 2 ते 4 तास. त्याच्या अलीकडे ऊ-आ पॉइंट (हो, नाव खरंच असंच आहे) एका मैलाच्या आत लागतो. लेक कंटाळली तर तिथून परत फिरलात तरी दिवस वसूल.

स्पाइक्स आदल्या रात्री खोलीतच हातमोजे घालून चढवून बघा. रबर ताणून टाचेवर बसवायला जोर लागतो आणि गारठलेल्या बोटांनी तो लागत नाही. कोरडा खडक सुरू झाला की काढून टाका, नाहीतर काटे दगडात अडकून तोंडावर पडाल.

निवडुंग:
पाण्याचं राहिलंच. कायबॅबच्या वाटेवर पाणी अजिबात नाही. ब्राइट एंजलवरच्या विश्रांतीघरांचे नळही थंडीत बंद ठेवतात, कारण पाइप फुटतात. माणशी निदान दोन लिटर वरूनच भरून न्या. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतही नाही, म्हणून तहानेची वाट बघू नका. सोबत खारट खाणं हवंच, नुसतं पाणी ढोसूनही माणूस आजारी पडतो. नळीवाली पिशवी नको, नळीतलं पाणी गोठतं. बाटली उलटी ठेवा: बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, त्यामुळे बूच मोकळं राहतं.

रानभूल:
कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन बाद. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. चढ सुरू व्हायच्या आधीच एक थर उतरवा, घाम आल्यावर नव्हे. थांबलात की लगेच परत घाला. हेडलॅम्प प्रत्येकाला वेगळा, फोनच्या टॉर्चवर भिस्त नको. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात. खाली उतरलात की रेंज जवळजवळ नसतेच, तेव्हा कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ, हे वर कुणाला तरी सांगून जा.

खेचरांचा तांडा समोर आला तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. शेवटचं खेचर बरंच पुढे जाईपर्यंत जागचं हलू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं. नदी रद्द, सीडर रिज पक्कं, साडेअकराचा गजर त्याच्याच फोनवर लावलाय. आता सासऱ्यांचं काय करू? 'मला म्हातारा समजू नका' हे वाक्य येणारच.

रानभूल:
त्यांना रिमवरच्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर न्या. सपाट, फरसबंद वाट आहे, यावापाई संग्रहालयापासून गावाच्या दिशेने जाते. वाटेवरचं एक मीटर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातली दहा लाख वर्षं असा हिशोब. दरीतल्या एकेक थराचे दगड वाटेत मांडलेत, हात लावून बघता येतात. इतिहास-भूगोलाची आवड असेल तर तुम्ही परत येईपर्यंत ते निम्म्यातही पोचलेले नसतील. तिथेही बर्फ असतो, म्हणून स्पाइक्स आणि एक काठी त्यांनाही द्या.

उनाडवारा:
आणि कायबॅबच्या सुरुवातीला खाजगी गाडी नेता येत नाही, व्हिजिटर सेंटरहून पार्कची बस घ्यावी लागते. बसची वेळ आणि वाटेवरच्या बर्फाची ताजी स्थिती आदल्या दिवशीच तिथल्या रेंजरला विचारा. मुलीच्या मापाचे स्पाइक्स मात्र आत्ताच मागवा, लहान मापं ऐनवेळी मिळत नाहीत.