आधी अ‍ॅनिमॅटिक, मग चित्रं

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सहा मिनिटांची, हाताने काढलेली अ‍ॅनिमेशन फिल्म एकट्याने करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय, आणि इथे बहुतेकांनी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हे सांगितलंय. मला लांबीची जास्त काळजी वाटते. सेकंदाला २४ फ्रेम्स. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. म्हणजे सहा मिनिटांना ४,३२०, तीही एकाच पात्राची. रफ (कच्चं रेखाटन), क्लीनअप (त्यावरच्या स्वच्छ रेषा), रंग वेगळे. तीन मिनिटांवर या, कथा बहुधा घट्टच होईल.

स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटची कच्ची चित्रं, झाला की लगेच अ‍ॅनिमॅटिक करा, म्हणजे तीच चित्रं एकापाठोपाठ लावून केलेला कच्चा व्हिडिओ. चित्रं कच्ची चालतील, पण वेळ खरा हवा आणि आवाजही हवा, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला का होईना. पात्र किती वेळ गप्प उभं राहतं हे कागदावर कळत नाही. अ‍ॅनिमॅटिक कथा माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा, मध्ये काही समजावू नका. जिथे त्याचं लक्ष उडेल तो शॉट आत्ताच काढा. रंगवून झाल्यावर काढायला जीव होत नाही.

एकट्याने होतं का, ही शंका मात्र काढून टाका. मुंबईच्या जे. जे. मधून उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म २००६ साली कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक या विभागात पोचली. त्यातली चित्रं त्यांनी स्वतः रंगवली होती. ती नक्की बघा, विशेषतः करड्या घरातून रंगीत जगात जाणारे शॉट्स. रंग तिथे कथाच सांगतात.

तुमचा स्टोरीबोर्ड टाका ना इथे, मनापासून बघेन.