इंग्लंडमधलं पहिलं घर : किल्ल्या हातात आल्या तो दिवस (तुमचे अनुभव सांगा)

कर्दळ
काल भाचीचा फोन. रीडिंगला घर घेतायत, एक्स्चेंज (म्हणजे करार पक्का) झालं, पुढच्या शुक्रवारी कम्प्लीशन (पैसे पोचून घर ताब्यात). विचारते, "मावशी, त्या दिवशी सह्यांना कुठे जायचं असतं? दोघांनीही सुट्टी टाकायची का?" हसू आलं, आणि मग आमचं सगळं आठवत बसले.

पुण्यात आईबाबांच्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं तेव्हा मी बरोबर होते. टोकन, अंगठे, कॅमेऱ्यासमोर फोटो, साक्षीदार आणायला काकांची धावपळ, आणि संध्याकाळी पेढे. घर घेतलं असं वाटायचं. इथे त्या दिवशी तुमची कुणाला गरजच नसते. सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या. बँक पैसे आपल्या सॉलिसिटरला (वकिलाला) देते, तो विकणाऱ्याच्या सॉलिसिटरला पाठवतो, तिकडून "पोचले" असा निरोप एजंटला जातो, की एजंट आपल्याला फोन करतो. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी, आणि आपण घरात पायजमा घालून फोनकडे बघत बसलोय.

आमच्या घरात आधी राहणाऱ्या आजींनी ओट्यावर हाताने लिहिलेला कागद ठेवला होता. बॉयलर कसा चालू करायचा, कचऱ्याच्या कुठल्या डब्याचा कुठला वार, मागच्या दाराची किल्ली घालून दार जरा वर उचलायचं, मगच फिरते. खाली लिहिलेलं, गुलाब फेब्रुवारीत छाटा. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

तुमचा दिवस कसा गेला? भाचीला धागा पाठवणार आहे, तेव्हा कामाचंही लिहा.

भाकरवडी_क्रॉयडन
शुक्रवार????? अर्रर्र. जमलं तर बुधवार-गुरुवार घ्या म्हणावं. पण एक्स्चेंज झालंय म्हणजे तारीख पक्की, आता काय.

शुक्रवारी अख्खा देश घर बदलतो आणि सगळ्यांचे पैसे एकाच वेळी रांगेत. काँट्रॅक्टमध्ये सहसा दुपारी २ ची वेळ असते. त्यानंतर पोचले तर पुढच्या कामाच्या दिवशी पोचले असं धरतात, म्हणजे शुक्रवारचा थेट सोमवार, आणि व्याज मागू शकतात. आमचे साडेतीनपर्यंत पत्ता नाही. व्हॅन भाड्याची, सामान खचाखच, पोरगी मांडीवर झोपलेली, डब्यात इडलीचं पीठ फुगतंय. विकणारे भले होते, व्याजाचं नावही काढलं नाही. पाचला किल्ल्या.

तिठा
पिठाचं काय झालं?

भाकरवडी_क्रॉयडन
@तिठा झाकण उडालं. सोफ्याला वास येतो असं नवरा अजून म्हणतो. मला येत नाही.

तिठा
🤣🤣

काटेकोर
कर्दळताई, भाचीला दोन गोष्टी आजच विचारा.

एक, घराचा (सामानाचा नव्हे, इमारतीचा) विमा सुरू झालाय का? इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक काँट्रॅक्टांत एक्स्चेंज झाल्या क्षणापासून जोखीम घेणाऱ्याची. मधल्या आठवड्यात छप्पर उडालं तरी घर घ्यावंच लागतं.

दोन, "आमचं बँक अकाउंट बदललंय, उरलेले पैसे या नंबरवर पाठवा" असा सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला तर तो चोराचा समजा. हे लोक ईमेल वाचत बसलेले असतात आणि नेमकं पैसे पाठवायच्या दिवशी उगवतात. अगदी सुरुवातीच्या पत्रावर जो फोन नंबर होता त्यावर फोन करून अकाउंट नंबर तोंडी जुळवून घ्या. ईमेलमधल्या नंबरवर नाही! आणि आपल्या वाट्याची रक्कम आदल्या दिवशीच पोचलेली बरी.

उनाड_पाऊस
वाचतेय. आमचं पुढच्या वर्षी. लाइफटाइम आयसात (पहिल्या घरासाठी वापरता येणारं बचत खातं) पैसे टाकतोय, ते थेट त्या दिवशी काढता येतात का?

काटेकोर
नाही. तुम्ही काढायचेच नाहीत, सॉलिसिटर मागवतो आणि ते त्याच्याकडे येतात. आपण काढले तर २५% दंड. खातं किमान १२ महिने जुनं हवं, घराची किंमत ४,५०,००० पौंडांच्या आत. आधीच सांगून ठेवा सॉलिसिटरला, अर्ज करून पैसे यायला वेळ लागतो.

उनाड_पाऊस
४,५०,००० मध्ये लंडनात काय येतं 😭

तिठा
पार्किंग.

घाटावरची
पोळ्या करता करता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. स्टॅम्प ड्यूटीचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

फर्स्ट टाइम बायर म्हणजे इंग्लंडमधला पहिला नव्हे, जगातला पहिला!! भारतात फ्लॅट असेल, वडिलोपार्जित घरात वारसाने नाव लागलं असेल, तरी सवलत गेली. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही पहिलटकर हवेत. माझ्या मिस्टरांचं नाव सासरे गेल्यावर साताऱ्याच्या घराला लागलेलं, चार भावांत एक. सवलत गेली.

१ एप्रिल २०२५ पासून पहिल्या घराला ३,००,००० पर्यंत शून्य, त्यापुढे ५,००,००० पर्यंतच्या भागावर ५%. घर ५ लाखांच्या वर गेलं की सवलत अख्खी गायब. तीन लाखांचं घर धरा, सवलत नसेल तर ५,००० पौंड. आणि भारतातलं घर (किंवा तुमचा हिस्सा) ४०,००० पौंडांचा किंवा जास्तीचा असेल तर बहुतेक वेळा वर आणखी ५% सरचार्ज, पूर्ण किमतीवर. म्हणजे १५,००० अजून. "ते गावाकडचं, तिथे कोण राहतंय" म्हणून फॉर्मवर गाळू नका.

कर्दळ
बापरे. जावईबापूंच्या नावावर नाशिकला काहीतरी आहे असं ताई म्हणाली होती. थांबा, फोन करते.

खारी_बिस्कीट
वेल्समध्ये तर पहिल्या घराची वेगळी सवलतच नाही. एकच घर असणाऱ्या सगळ्यांना २,२५,००० पर्यंत शून्य, मग ते पहिलं असो की जुनं विकून घेतलेलं :)

झाडांचा_वेडा
आजींचा गुलाब कसाय?

कर्दळ
@झाडांचा_वेडा मस्त. यंदा काळे ठिपके पडले पानांवर. काय मारू?

झाडांचा_वेडा
ठिपकेवाली पानं वेचून जाळा/फेका, कंपोस्टात नको. खाली पडलेलीही उचला. वरून पाणी घालू नका, मुळाशी घाला. फोटो टाका.

एडिनबराकर
आमच्याकडे स्कॉटलंडात सगळंच निराळं. सॉलिसिटर-सॉलिसिटरांची पत्रापत्री (मिसिव्ह्ज) पूर्ण झाली की कुणालाच मागे फिरता येत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली धाकधूक कमी. किल्ल्या आम्हाला सॉलिसिटरच्या ऑफिसातूनच मिळाल्या. त्या दिवशी पाऊस. सांगायला नकोच.

गिरगावचा_बंड्या
बाबांनी पीएफमधले पैसे दिले होते. ही भेट आहे, घरात हिस्सा नको, परत नको, असं पत्र सॉलिसिटरला त्यांच्या सहीने हवं. ते दिलं. मग बाबांचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट. मग त्यातली एक मोठी रक्कम कुठून आली? एफडी मोडली. मग एफडीची पावती. बाबा वैतागून म्हणाले, "चोरी केली नाहीये म्हणावं." एक्स्चेंजच्या बऱ्याच आधी हे कागद गोळा करा, मी एवढंच सांगेन.

किल्ल्या मिळाल्यावर पहिला व्हिडिओ कॉल बाबांना. हॉल नाही, किचन नाही, पहिला प्रश्न, "दार कुठल्या दिशेला?" फोनवर होकायंत्र उघडलं. दक्षिण. मी म्हणालो, पूर्व.

भाकरवडी_क्रॉयडन
😂😂 दार दक्षिणेला म्हणजे मागची बाग उत्तरेला. इथले लोक दक्षिणेकडच्या बागेसाठी जीव टाकतात. दोन्हीकडून मार खाल्लात की!

गिरगावचा_बंड्या
म्हणून तर परवडलं.

घाटावरची
बाबांना कळलं का नंतर?

गिरगावचा_बंड्या
आले होते उन्हाळ्यात. पहिल्याच सकाळी चहा घेऊन दारात उभे. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, सूर्य बघितला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी दारावर गणपती लावला.

घाटावरची
❤️

चकलीचा_सोऱ्या
दूध उतू घालायचं म्हणून आईने भारतातून खास तांब्याचं पातेलं पाठवलेलं. रिकाम्या घरात रांगोळी काढली, पातेलं ठेवलं, बटण दाबलं. इंडक्शन शेगडी! तांबं तिला दिसतच नाही, नुसती बीप बीप. स्टीलची भांडी खोक्यात, खोकी व्हॅनमध्ये, व्हॅन एम२५ वर. नवऱ्याने डोकं लावलं आणि केटलमध्ये दूध घातलं.

उतू गेलं. गेलंच ते. स्मोक अलार्म वाजला, शेजारीण धावत आली, हातात केक. आजतागायत मैत्री आहे. केटल गेली.

तिठा
या धाग्यावर सगळ्यांचंच काही ना काही उतू जातंय.

नवी_वीट
नवीन बांधकामवाले कुणी नाही का? आमची तर तारीखच नव्हती. "उन्हाळ्यात" म्हणाले, दिवाळी झाली. काँट्रॅक्टात एवढंच, घर तयार झालं की बिल्डर नोटीस देणार, मग अमुक दिवसांत कम्प्लीशन. तोवर मॉर्टगेज ऑफरची (बँकेने मंजूर केलेल्या गृहकर्जाची) मुदत संपत आली, बँकेकडून वाढवून घेतली. हे लक्षात ठेवा.

बिल्डरच्या माणसाने हसत हसत चॉकलेटचा डबा दिला. आत गेलो तर बेसिनच्या थंड नळाला गरम पाणी आणि गरमला थंड. दोन बेडरूमची दारं गालिच्यावर अडकतात, रंगाचे ओघळ. पहिली दोन वर्षं बिल्डरने दुरुस्त करायचं असतं, ते सगळं लेखी पाठवा, फोटोसकट. फोनवर "हो हो" म्हणतात. नळ मार्चमध्ये नीट झाले.

काटेकोर
+१ लेखी. शक्य असेल तर स्नॅगिंग करणारा (नव्या घरातले दोष शोधून यादी देणारा) माणूस आणा, चार-पाचशे पौंड घेतो पण छपराच्या आतही डोकावतो.

मुळा_मुठा
आम्हाला घर विकणाऱ्यांनी सगळे बल्ब काढून नेले होते. डिसेंबर, चार वाजता अंधार, मोबाइलच्या टॉर्चवर खोकी लावली. पडद्यांचे दांडे पण. संडासातला कागद अडकवायचा खिळासुद्धा.

काटेकोर
काय राहणार, काय नेणार याची एक यादी विकणारा भरून देतो (टीए टेन फॉर्म). दिवा काढला तर होल्डर आणि बल्ब ठेवायचा असं त्यात असतं. सॉलिसिटरला कळवलंत का?

मुळा_मुठा
बल्बसाठी कोण पत्र लिहीत बसतो हो. दोन पौंडांचा बल्ब, सॉलिसिटरचा ईमेल शंभरचा.

कर्दळ
बोलले. विमा एक्स्चेंजच्याच दिवशी काढलाय, शहाणी आहे. नाशिकचा फ्लॅट जावयांच्या आईच्या एकटीच्या नावावर निघाला, यांचं नाव नाही, तरी सॉलिसिटरला लिहून विचारलंय. शुक्रवारसाठी व्हॅन दुपारी चारची केली. भाकरवडी, घाटावरची, तुमच्यामुळे. 🙏

घाटावरची
चला, पोळ्या करपल्या त्याचं सार्थक झालं.

खारी_बिस्कीट
भाचीला सांगा, आत गेल्यावर सोफा कुठे ठेवायचा ते नंतर. आधी वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असे. नाहीतर आधीच्यांचं बिल आपल्या गळ्यात. आणि पाणी बंद करायचा मेन कॉक कुठेय ते विकणाऱ्यांना एजंटमार्फत आत्ताच विचारा. घर सोडून गेल्यावर कोण सापडतंय.

मुळा_मुठा
आमचं पाण्याचं मीटर फुटपाथवर झाकणाखाली होतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर आत नुसत्या गोगलगायी.

झाडांचा_वेडा
गोगलगायी मारल्या नाहीत ना?