मदत हवी आहे : इंग्रजीतील ‘री’, ‘रि’ आणि ‘रे’ कसे ओळखावेत?

डिचोलीत मी चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांची शिकवणी घेते. ‘पुन्हा’ या अर्थाचा ‘re-’ हा इंग्रजी उपसर्ग शिकवताना, आपल्या ‘पुनर्’प्रमाणे अर्थ स्पष्ट जाणवत असेल तर दीर्घ ‘री’ म्हणावे, उदाहरणार्थ ‘रीराइट’, आणि एरवी ऱ्हस्व ‘रि’, असे मी सांगत आले. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे व ‘रीसाइन’ म्हणजे पुन्हा सही करणे, किंवा ‘रेक्रिएशन’ म्हणजे मनोरंजन व ‘रीक्रिएशन’ म्हणजे पुनर्निर्मिती, या जोड्या मुलांना चटकन समजल्या. मात्र ‘रिपीट’मध्ये ‘पुन्हा’ हा अर्थ उघड असूनही उच्चार ऱ्हस्वच आहे, तर ‘रेप्युटेशन’मध्ये ‘रे’ येतो. तिथे माझा नियम कोसळतो.

शब्दकोशात प्रत्येक उच्चार मी तपासला आहे. संयोगचिन्हावरून (हायफनवरून) ओळखावे म्हटले, तर ‘रीराइट’ चिन्हाशिवायच लिहितात. उच्चारचिन्हांची लिपी या मुलांना येत नाही, त्यामुळे देवनागरीतूनच समजावणे भाग आहे, आणि मला ब्रिटिश उच्चार अपेक्षित आहेत.

उपसर्ग काढल्यावर उरणारा भाग स्वतंत्र शब्द आहे की नाही आणि उच्चारातला आघात (जोर) शब्दाच्या कोणत्या अवयवावर (सिलेबलवर) पडतो, या दोन गोष्टींवरून अनोळखी शब्दाचा उच्चार मुलांना बहुतांशी ठरवता येईल का, आणि त्याला ठळक अपवाद कोणते?