सिटी व्हीटेक (२००२) : तुळजापूर घाटात तापमानाचा काटा चढतो, हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडू का?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०६ पीएसवाली. सेकंडहँड घेतलेली. इंजिन तेल खात नाही, पिकअप अजून तसाच आहे.

सोलापुरात सात रस्ता, पार्क चौक, भर दुपारी एसी लावून सिग्नलला कितीही वेळ उभी ठेवा, काटा अर्ध्याच्या खालीच राहतो. दोन्ही पंखे वेळेवर लागतात. पण तुळजापूर रोडला शंभरच्या आसपास पळवली की काटा हळूहळू सरकायला लागतो आणि तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात थेट लाल रेघेपाशी. एसी बंद करून हीटर फुल सोडला की खाली येतो. (एप्रिलमध्ये हीटर! मागच्या सीटवरून काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.)

आधीच्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता. म्हणे, "सोलापूरच्या उन्हात लागतोय कशाला?" त्याने झालं एवढंच की सकाळी इंजिन तापेना आणि अ‍ॅव्हरेज पडलं. घाटात जैसे थे. आता नवा थर्मोस्टॅट, नवं रेडिएटर कॅप, कूलंट सगळं घातलंय. हवाही काढलीय. तरी तेच.

उस्ताद (आताचे मेकॅनिक) म्हणतात हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) गेलंय, हेड उघडू. मला पटत नाही. ऑइल स्वच्छ आहे, डिपस्टिकवर दुधाळपणा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, सकाळी थंड इंजिनवर वरचा होस दाबला तर मऊ लागतो. उलट रेडिएटरच्या तोंडाशी आत पांढरी खपली धरलीय. नखाने खरवडली तर चुन्यासारखी भुकटी पडली. आधीचे मालक जुळे सोलापूरचे, बोअरचंच पाणी ओतत असणार. हेड न उघडता खात्री कशी करायची?

प्रतिसाद
उभ्या गाडीत तापत असती तर पंखा किंवा रिले बघा म्हटलं असतं. वेगात आणि चढाला तापते म्हणजे इंजिन जेवढी उष्णता टाकतंय तेवढी रेडिएटर बाहेर काढू शकत नाहीये. हीटरचा कोअर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो चालू केल्यावर फरक पडतो हेही त्याच बाजूने बोलतं. इंजिन गरम करून लेझर थर्मामीटर रेडिएटरच्या कोअरवर (नळ्यांच्या जाळीवर) सगळीकडे फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. गॅस्केटसाठी निळ्या द्रावणाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर ट्यूब बसवतात, जळालेला गॅस येत असेल तर निळं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम, हेड उघडायच्या खर्चापुढे काहीच नाही.

प्रतिसाद
दादा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघितली का? समोरून स्वच्छ दिसतं, मध्ये ज्वारीचं भूस आणि किडे गच्च बसलेले असतात. पाण्याचा फवारा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, प्रेशर कमी ठेवा, नाहीतर फिन्स वाकतील.

धागाकर्ता
दोघांचे आभार. भूस निघालं, पण काट्यात फारसा फरक नाही. टेस्ट केली, घाट चढून आल्या आल्या. द्रावण निळंच राहिलं. उस्तादही आता गप्प आहेत. थर्मामीटरला कोअरचा खालचा डावा भाग सरळ गार लागला.

म्हणजे रेडिएटर बदलायचा. याला प्लास्टिकच्या टाक्या आहेत, त्यामुळे जुन्या पितळी रेडिएटरसारखं उघडून नळ्यांत सळई मारणं जमणार नाही असं दुकानदार म्हणतो. टायमिंग बेल्ट तसाही ड्यू आहे, वॉटर पंप त्यावरच चालतो, तोही सोबत टाकतो. आता एवढंच सांगा : बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा नवा घ्यावा की ओळखीच्याकडून तांब्याचा कोअर बनवून घ्यावा? आणि ब्लॉकमधला क्षार नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने निघेल, की आधी फ्लशचं केमिकल लागेल? नव्या रेडिएटरमध्ये जुनी खपली जाऊन बसायला नको.