फ्रेशरलाही एनआयसीयू मिळतं

नुकतंच नर्सिंग पास झालेल्या मुलीला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नोकरी मिळते का, या प्रश्नावर 'अनुभव नसेल तर एनआयसीयूत उभंही करत नाहीत' असं दोघींनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं बहुधा तसंच करतात. पण जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांचा सरकारी विशेष कक्ष), एनएचएममार्फत (राष्ट्रीय आरोग्य अभियान) निघणाऱ्या कंत्राटी जागांवर लक्ष ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर अर्ज बाद, तेव्हा निकाल लागला की आधी ते उरकून घ्या. पगार बेताचाच, पण हात बसतो.

मुलाखतीत 'मला बाळं खूप आवडतात' याला कुणी भीक घालत नाही. हिशेब विचारतात. १२०० ग्रॅमचं बाळ, पहिला दिवस, सलाइन किलोला ८० मिली: म्हणजे दिवसाचे ९६ मिली, सिरिंज पंपावर (ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र) तासाला ४. हे तोंडी आलं पाहिजे. बाळ जन्मतः रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, तेही क्रमाने. एनआरपीचं (न रडलेल्या नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं प्रशिक्षण) प्रमाणपत्र असेल तर फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

आणि सुरुवातीला पोस्टनेटल वॉर्ड (बाळंतिणींचा वॉर्ड) किंवा लेबर रूम मिळाली तर नाक मुरडू नका. एनआयसीयूत सिस्टर कमी पडल्या की मेट्रन (मुख्य परिचारिका) बहुतेकदा तिथल्याच मुलींना हाक मारतात. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.