मदत हवी आहे : घरी बनवलेल्या फ्रेमवर १९३०च्या फोर्डची बॉडी नेमकी कुठे बसवायची?

रामबाग_गॅरेज (इंदूर)

नमस्कार मंडळी. आजोबांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ए, दोन दारांची, देवासच्या वाड्यात गोठ्याशेजारी कित्येक वर्षं उभी होती. गेल्या दिवाळीनंतर ती इंदूरला आणली. इंजिन कधीच गेलेलं. चेसिसचा मागचा भाग गंजून भुगा झालाय. पण बॉडी, खालच्या पट्ट्या सोडल्या तर, धडधाकट आहे. दारं लागतात आणि लागताना पूर्वीसारखाच आवाज येतो. बाबांनी तो ऐकला आणि गाडी भंगारात जाणार नाही हे तिथेच ठरलं.

मूळ चेसिस मिळणं शक्य नव्हतं, म्हणून हॉट रॉड करायचं ठरवलं. १९३०-४०च्या काळात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड वगैरे काढून, गाडी हलकी आणि बुटकी करून कोरड्या तळ्यांवर पळवायची, त्या धर्तीवर. लोहामंडीतून ४ बाय २ इंचाचा, ३ मिमी जाडीचा पाइप आणून अंगणात फ्रेम जोडली. पुढे मूळ एक्सल आणि त्याचा आडवा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग), मागे अ‍ॅम्बेसेडरचा एक्सल पाट्यांसकट, आणि इंजिन-गिअरबॉक्स अ‍ॅम्बेसेडरचाच १८१७ सीसीचा इसुझू. सगळं सध्या टाके मारून उभं आहे, पूर्ण वेल्डिंग कुठेच नाही.

आता अडचण. नकाशा मिळाला तो १९३२च्या फोर्डचा, कारण हॉट रॉडवाले सगळ्यात जास्त त्याच फ्रेमची नक्कल करतात. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, १०६ इंच. मॉडेल एचा १०३.५. हा फरक माझ्या लक्षात आला तो चेन-पुलीने बॉडी खाली उतरवल्यावर. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) नकाशातल्या जागी ठेवली की मागचं चाक बॉडीतल्या चाकाच्या कमानीच्या मध्यापासून अडीच इंच मागे जातं. बॉडी अडीच इंच मागे घेतली तर चाक कमानीत छान येतं, पण बोनेट रेडिएटरपर्यंत पोचत नाही. शिवाय फ्रेम मागे रुंद होत जाते, त्यामुळे फायरवॉलपाशी दोन्ही बाजूंनी ८-८ मिमी पाइप बॉडीबाहेर डोकावतो.

उंचीचंही ठरत नाहीये. बॉडी फ्रेमवर ठेवली तर उंच दिसते. तळ कापून फ्रेमच्या चार इंचांवरून खाली घसरवली (त्याला चॅनलिंग म्हणतात) तर फोटोतल्या गाड्यांसारखी बसते. आणि नाक थोडं खाली हवं, ते फ्रेमला उतार देऊन की बॉडीखाली पॅकिंग कमी-जास्त करून?

शून्य कुठून धरायचं, हेच कळत नाहीये. फायरवॉल, मागची कमान की रेडिएटर? ज्यांनी कुठल्याही जुन्या गाडीची बॉडी चेसिसवर बसवली असेल त्यांनी कृपया सांगा. चुकीच्या ठिकाणी कटर फिरवायची भीती वाटते.

मकरपुरा_फिटर (बडोदा)

दादा, टाके मारून थांबलात हे फार चांगलं केलंत. एक विचारतो : हे अडीच इंच मोजले तेव्हा गाडी कशावर उभी होती?

रामबाग_गॅरेज

चार घोड्यांवर, म्हणजे फ्रेमखालच्या स्टँडवर. चाकं लावली होती पण अधांतरी.

मकरपुरा_फिटर

मग ते माप अजून धरू नका. अधांतरी एक्सलचा पाटा पूर्ण वाकलेला असतो. वजन आलं की तो सपाट होतो आणि सपाट होताना लांब होतो. पुढचं टोक पिनेने बांधलेलं, मागचं शॅकलवर (झुलत्या कडीवर), म्हणून एक्सल मागे सरकतो. थोडाच, पण कमानीत तो डोळ्याला दिसतो. चाक वर चढतं ते वेगळं.

आधी गाडी खऱ्या उंचीवर आणा. जे टायर शेवटी लावणार तेच लावा, हवा भरून. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर ठेवा. सीटच्या आणि टाकीच्या जागी सिमेंटची पोती ठेवा. पाटे बसले की एक्सल ते फ्रेम अंतर मोजा आणि शॉकअपच्या जागी तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या बोल्ट करा. मग पोती काढली तरी उंची हलणार नाही आणि महिनाभर निवांत काम करता येईल.

फरशीवर विश्वास ठेवू नका, अंगणाला पाण्याचा उतार असतोच. गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि फ्रेमची दोन्ही बाजूंची सारखी ठिकाणं डावी-उजवी एका पातळीत आणा. चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. दोन्ही कर्ण मोजा. ते ३ मिमीच्या आत जुळले तरच बॉडीला हात लावा. मग मधून एक दोरा ताणा, रेडिएटरच्या मध्यापासून डिफरन्शियलच्या पलीकडे. बॉडी त्या दोऱ्याला सरळ करायची, पाइपला नाही. घरी जोडलेल्या फ्रेमचे दोन पाइप कधीच हुबेहूब सारखे नसतात.

उताराचं म्हणाल तर फ्रेमलाच द्या, बॉडीखाली नको. पण हिशेब लक्षात ठेवा : १०६ इंचांवर एक अंश म्हणजे जवळपास १.८५ इंच. दोन अंश दिले तर नाक पावणेचार इंच खाली गेलं, दिसायला पुष्कळ झालं. आणि फ्रेम जितकी पुढे झुकते तितकाच किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) मागे झुकलेला कोन कमी होतो. पाच-सहा अंश हवे असताना तीन-चार उरले तर स्टीअरिंग सरळ राहायला कंटाळतं. म्हणून उतार आधी पक्का करा, एक्सलच्या दांड्यांचे ब्रॅकेट नंतर. इंजिनचे माउंटही त्यानंतरच, कारण कार्बोरेटरची बैठक गाडी उभी असताना सपाट हवी, आणि बाजूने पाहता गिअरबॉक्सची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची (शाफ्ट जिथे आत जातो त्या गिअरची) रेषा समांतर हवी. नाहीतर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो.

जुनापाना (ग्वाल्हेर)

बाळ, मी हॉट रॉड केलेली नाही. पण इथल्या लश्कर भागात चाळीस वर्षं जुन्या जीप आणि इंग्लिश गाड्यांच्या बॉड्या उतरवल्या-चढवल्यात, तेवढ्यावरून सांगतो.

तुझी बॉडी १९३० ची आहे आणि फ्रेम मागच्या महिन्यातली. कापायचंच असेल तर फ्रेम काप.

शून्य मागच्या कमानीला धर. कमान बॉडीत कोरलेली आहे, ती हलवायची तर अख्खा मागचा पत्रा फाडावा लागेल. बोनेट वेगळं येतं, अडीच इंच लांब नवं करता येतं. चांगल्या डेंटरचं ते चार दिवसांचं काम. पाइप फायरवॉलपाशी बाहेर येतो म्हणतोस, तर आतल्या बाजूने पाचर कापून पाइप आत ओढ, आणि पाचर भरून घे. पाइप एकाच जागी मोडल्यासारखा दिसू नये म्हणून दोन-तीन छोट्या पाचरा कर, एक मोठी नको.

तळ कापण्याआधी एक काम कर. फळ्या टाकून, लाकडी खोका ठेवून त्यात बस. चॅनलिंगने फ्रेमचा पाइप चार इंच आत वर येतो, म्हणजे पाय ठेवायची जागा चार इंच वर येते आणि डोकं तेवढंच छताकडे जातं. सीट खाली घेतलीस तर पाय सरळ पुढे पसरतील, पेडल दाबायला गुडघा वाकणार नाही. स्टीअरिंग मांडीला लागतं का तेही तिथेच कळेल. बाबांनाही बसव, गाडी त्यांची आहे. मागे तर एक्सलच्या नळीवर किमान तीन इंच मोकळे हवेत, खड्ड्यात एक्सल वर येतो. चार इंच घसरवलीस तर तिथे फ्रेमला वर उचललेला टप्पा करावा लागेल.

आणि बॉडी उचलायच्या आधी आतून आडवे-तिरपे पाइप लाव, दारं बंद ठेवून. जुन्या बॉडीला खालचा आधार गेला की ती उघडते, मग दार कधीच नीट लागत नाही. बसवताना बॉडी आणि फ्रेम यांच्यात रबराचे तुकडे टाक, बोल्ट हलके आवळ आणि दारांच्या फटी बघ. दाराच्या वरच्या टोकाला फट जास्त असेल तर फायरवॉलच्या पुढच्या बोल्टखाली एक पत्री (पॅकिंगचा पातळ तुकडा) वाढव, वरची फट मिटते. उलट असेल तर काढ. एका वेळी एकच पत्री, आणि प्रत्येक वेळी दार उघडून लावून बघ. यात एक अख्खा दिवस जातो आणि जायलाच हवा.

पोलोग्राउंड (इंदूर)

तांत्रिक गोष्टी वरच्यांनी छान सांगितल्या. कागदांचं मी सांगतो, कारण लोक ते सगळ्यात शेवटी बघतात. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. घरची फ्रेम आणि इसुझूचं इंजिन त्यात बसणार नाही. खासगी जागेत चालवणार असाल तर ठीक. पण बॉडी अखंड ठेवलीत तर उद्या एखादी मूळ चेसिस सापडल्यावर परत जाण्याची वाट उघडी राहते. तळ कापलात की ती बंद.

रामबाग_गॅरेज

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार मोजण्यात घालवले, काय झालं ते लिहितो.

गाडी शेतावरच्या रस्त्यावरच फिरेल, हे आधीच ठरलं होतं. पण मूळ चेसिसकडे परत जाण्याची वाट राखायची, हे मी मनात आणलंच नव्हतं. बाबांना तो मुद्दा वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, आत जाऊन आजोबांचे जुने कागद घेऊन आले.

पोती ठेवून, खरे टायर लावून मागचा एक्सल ७ मिमी मागे गेला. म्हणजे अडीच इंचांचे पावणेतीन झाले. घोड्यांवरच्या मापाने बॉडी जोडली असती तर चाक कमानीत कायमचं मागे दिसलं असतं. एका कर्णात ५ मिमीचा फरक निघाला, मागच्या क्रॉस मेंबरचे (फ्रेमच्या आडव्या पाइपचे) दोन टाके तोडून सरळ केला. उतार एक अंशाचा ठेवलाय.

काका, खोक्यावर बसून पाहिलं. चॅनलिंग केल्यासारखी उंची धरून मला जमलं असतं, पण बाबांचा गुडघा स्टीअरिंगखाली अडकला. त्यामुळे बॉडी कापायची नाही. ती फ्रेमवरच बसेल, मूळ गाडीत बसायची तशी. उंची कमी करायची ती पाटे आणि पुढच्या क्रॉस मेंबरमधून, जेवढी होईल तेवढी. इंदूरला चेसिस एकीकडची आणि बॉडी दुसरीकडची हे काही नवं नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्युसेनबर्ग गाडीची चेसिस अमेरिकेतली होती आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने त्या चेसिसच्या मापाने बांधली. आमच्याकडे बॉडी आधी आली, म्हणून माप तिचं.

मागची कमान शून्य धरून बॉडी मागे घेतली. पाइपला आतून तीन पाचरा कापून ओढलं, आता फायरवॉलपाशी तो पत्र्याच्या २ मिमी आत आहे. पंखा आणि रेडिएटर यांत सव्वा इंच मिळतोय. मूळ बोनेट माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलं, नवं बनवायला डेंटर मंगळवारी माप घ्यायला येणार आहेत.

एक प्रश्न अजून आहे. डाव्या दाराची फट दोन पत्र्यांत जमली. उजव्या दाराला चार टाकल्या तरी वर ४ मिमी उघडं आहे. आणखी पत्र्या टाकू की खालची गंजलेली पट्टी आधी बदलू?

जुनापाना

पट्टी आधी. गंजलेल्या पट्टीवर पत्री टाकलीस की पत्रीच आत रुतते, दार तिथेच राहतं. आतला आधार न काढता एका बाजूची बदल, आणि मग चारही पत्र्या काढून शून्यापासून परत सुरू कर.